पाच मिनिटं नव्हती, अक्का

अक्का, तुला जाऊन बारा दिवस झाले आणि मला अजून एका जागी बसवत नाही. डाळीचे डबे तीनदा घासून झाले. गच्चीवर जाते, दोरीवरचे कपडे ओलेच काढून आणते आणि पुन्हा नेऊन घालते. शाळेने सुट्टी दिली आहे, ती कुणी काढून घेतली तर बरं, असं वाटतं. भेटायला माणसं येतात. सतरंजीवर बसतात, पाणी पितात, आणि ग्लास खाली ठेवताना सगळे एकच बोलतात. "पाच मिनिटांत गेली बाई. हाल नाय, काय नाय." मग माझ्याकडे वळतात. "तुम्ही जवळ होत्या म्हणून एकटी नाय गेली." मी मान हलवते आणि चहा टाकायला उठते.

ती पाच मिनिटं माझी आहेत. दवाखान्याच्या दारात डॉक्टरने विचारलं, "त्रास कधीपासून होता?" आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "आत्ताच. पाच मिनिटं झाली असतील." तेवढ्यात दाजी बाजारातून तसेच धावत आले होते. त्यांनी ते ऐकलं. त्यांनी तुझ्या पल्लवीला फोनवर तेच सांगितलं, पल्लवीने गावाला, आणि गावाने उरलेल्या सगळ्यांना. खरं म्हणजे मी तुझ्यासमोर बसून पाऊण तास होऊन गेला होता. त्या पाऊण तासात मी काय केलं ते तुला माहीत होतं आणि मला.

पाय धुऊन आले आणि तुझ्या पाठीवर ठेवला. हे इथे लिहितानाही हात थांबतो.

बाहेरच्या माणसाला यातलं काही कळणार नाही. मी पायाळू. देवगाव रंगारीच्या आपल्या वस्तीत मी पायांनी जन्माला आले, आईचे दोन दिवस हाल केले, आणि सुईण म्हणाली, "पायाळू हाय पोरगी, सांभाळा." पायाळूचा पाय लागला की धरलेली पाठ सुटते, उसण उतरते, हे गावात सगळ्यांनी मानलेलं. दुखणाऱ्याने पालथं झोपायचं आणि पायाळूने उजवा तळवा दुखऱ्या जागी तीनदा टेकवायचा, एवढाच तो इलाज. मला नीट चालताही येत नव्हतं तेव्हापासून हा कारभार सुरू झाला आणि तो तू चालवलास. तू आठ-नऊ वर्षांची असशील. मला काखेला मारून घरोघर न्यायचीस, उभी धरायचीस, तीन मोजायचीस आणि गुळाचा खडा मागून घ्यायचीस. खडा दोघींनी अर्धा अर्धा खायचा असं ठरलेलं होतं. माझ्या वाट्याला चाटण्यापुरता येत होता, हे मला फार उशिरा कळलं.

वरच्या आळीतूनही बोलावणं यायचं. एरवी तिथे आपल्याला ओट्याखाली उभं करत. पाणी मागितलं तर वरून ओंजळीत ओतत. पण घरातल्या म्हाताऱ्याची कंबर धरली की मला ओट्यावर घेत, ओट्यावरून आत नेत, आणि मी थेट त्याच्या पाठीवर. तू दाराशी उभी राहून बघायचीस. एकदा परत येताना तू स्वतःशीच हसत म्हणालीस, "आपल्या हातचं पाणी चालत नाय त्यांला, तुझा पाय चालतो." मला त्यातलं काही कळलं नाही. तुला मात्र त्या वयात कळलं होतं.

पुढे मी शिकले, विज्ञानाची शिक्षिका झाले, या शहरात नोकरीला लागले. तू लग्न होऊन इथेच मुकुंदवाडीत आलीस, शिवणाचं मशीन घेतलंस, शाळांचे गणवेश शिवायला लागलीस. मीही तुझ्यापासून दोन गल्ल्यांवर घर घेतलं. आणि मग आपलं भांडण सुरू झालं, ते कधी संपलंच नाही. मी म्हणायचे, आपल्या आईबापांनी देव सोडले, नवस सोडले, अंगारे-धुपारे सोडले, मग माझा एकटीचा पायच का शिल्लक ठेवायचा? तू म्हणायचीस, "कामून सोडू? देव दुसऱ्याचे होते. पाय तर आपला हाय." मी म्हणायचे, स्नायू आखडतो आणि त्याचा तो सुटतो. "मग तुझ्या पायाखाली सुटला तर तुझं काय बिघडलं?" असं म्हणून तू मशीन चालू करायचीस, म्हणजे पुढचं तुला ऐकू येऊ नये. एकदाच तू मशीन थांबवलंस. "तू पुस्तकातलं बघती, सुमे. मी तुझा पाय त्यांच्या पाठीवर बघितलाय." तरी मी अडून बसले. वीस वर्षं मी कुणाच्याही पाठीला पाय लावला नाही.

मे महिन्यात तू तुझ्या गल्लीतल्या एका म्हातारीला घेऊन माझ्या दारात आलीस. आमच्या मुख्याध्यापिका आणि दोन शिक्षिका घरी बसलेल्या. तू त्यांच्यादेखत म्हणालीस, "सुमे, आजीला जरा पाय दे." मुख्याध्यापिका माझ्या पायांकडे बघायला लागल्या. मी तुझ्यावर ओरडले. मी काय जत्रेतला खेळ आहे का, म्हणाले. पन्नाशीला आले तरी तू मला काखेतच घेऊन फिरतेस, म्हणाले. आजीचा हात धरलास आणि गेलीस. त्यानंतर बावीस दिवस आपण बोललो नाही. शेवग्याच्या शेंगांची भाजी केलीस तेव्हा डबा दाजींच्या हाती पाठवलास. मी डबा रिकामाच परत केला, त्यात चिमूटभर साखरही घातली नाही.

त्या गुरुवारी सकाळची शाळा सुटली आणि मी ठरवून तुझ्याकडे आले. माफी मागायला नव्हे, तुझ्या-माझ्यात ती पद्धतच नाही. नुसतं येऊन बसायचं होतं. तू मशीनपाशी जमिनीवर, भिंतीला टेकून बसली होतीस. बाजूला निळ्या गणवेशांचा ढीग.

"काय झालं गं?"

"पाठ धरली. खांद्याच्या पात्यांच्या मधी. सकाळपासून आवळल्यावाणी व्हायलंय."

कपाळावर घाम डबडबलेला. पण लाइट गेली होती, पंखा बंद, वर पत्रा. घाम मलाही आला होता. गणवेशाच्या दिवसांत तुझी पाठ दरवर्षीच धरायची. तू ढेकर द्यायचा प्रयत्न केलास, तो आला नाही. "मळमळायलंय. कालची वांगी बाधली वाटतं."

आणि मी विचारलं, अक्का. कुणाला खरं वाटणार नाही, पण मी विचारलं होतं.

"छातीत दुखतंय का?"

"नाय गं. छातीत काय नाय."

"डावा हात?"

"हाताला काय धाड भरली? पाठ म्हणते ना मी."

मी दरवर्षी मुलांना हृदय शिकवते. कप्पे, झडपा, रक्त कुठून येतं आणि कुठे जातं. शाळेच्या व्हरांड्यात एक तक्ता लावलेला आहे, त्यात एक मिशीवाला माणूस दोन्ही हातांनी छाती धरून वाकला आहे. रोज त्याच्यासमोरून जाते. हार्ट अटॅक म्हटलं की माझ्या डोक्यात तोच माणूस. तू छाती धरली नव्हतीस, वाकली नव्हतीस, उलट माझ्यावर खेकसलीस. मी दोन प्रश्न विचारले आणि तुला पास करून टाकलं.

मग तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "पाय देती का जरा? नसन द्यायचा तर ऱ्हाऊ दे."

ते 'ऱ्हाऊ दे' मला लागलं. बावीस दिवसांचं सगळं त्यात होतं. वीस वर्षं मी नाही म्हणत आले, आणि ज्या दिवशी नाही म्हणायला हवं होतं त्याच दिवशी हो म्हणाले. मोरीत जाऊन पाय धुतले. तू पालथी झोपलीस. ब्लाउज घामाने भिजलेला, तळव्याला गार लागला. एवढ्या उकाड्यात गार, हे मला कळलं होतं आणि मी ते सोडून दिलं. तीन तूच मोजलेस, उशीत तोंड खुपसून. "हं. सुटलं बघ. बरं वाटलं."

खरंच वाटलं का, अक्का? बारा दिवस मी हाच प्रश्न घेऊन घरभर फिरते आहे. की मी आले, पाय दिला, एवढ्यानेच तू खूश झालीस आणि माझ्यासाठी तसं म्हणालीस? तसं असेल तर मला तुझा राग येतो. खरंच येतो. त्या एका वाक्यावर मी निवांत झाले, चहा ठेवला, तुला बिनदुधाचा दिला. तू आमच्या मुख्याध्यापिकेची नक्कल केलीस, त्या कशा माझ्या पायांकडे बघत होत्या ती, आणि हसता हसता मध्येच थांबून श्वास घेतलास. तेही मी पाहिलं. फार दिवसांनी हसते आहे, म्हणून दम लागला असेल, असं धरून चालले. भांडण मिटल्याचा मला इतका आनंद झाला होता की समोर बसलेली तू मला दिसतच नव्हतीस.

मग तू मशीनकडे जायला उठलीस आणि अर्ध्यातच खाली बसलीस. "सुमे, मला कसंतरीच व्हायलंय." ओठ पांढरे पडले होते. शेजारच्यांनी रिक्षा आणली. जालना रोडच्या सिग्नलला तुझा हात माझ्या हातात जड झाला. दवाखान्यात त्यांनी बराच वेळ तुझी छाती दाबली. मग थांबले, आणि डॉक्टरने दारात येऊन मला तो प्रश्न विचारला, त्रास कधीपासून होता.

नवव्या दिवशी मी त्या डॉक्टरकडे परत गेले. तुझ्या पल्लवीच्या वयाचा असेल. त्याला माझा चेहरा आठवत नव्हता. मी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं, पाऊण तास, पाठ, घाम, ढेकर, पायसुद्धा. मला वाटलं होतं तो एकतर झापेल, नाहीतर म्हणेल की तुमचा काही दोष नाही. दोन्हींपैकी कशालाही मी तयार होते. त्याने फक्त विचारलं, "शुगर होती का त्यांना?" होती, म्हटलं, दहा वर्षांपासून.

"मग छातीत दुखेलच असं नसतं," तो म्हणाला. "बायकांमध्ये पुष्कळदा पाठीत येतं, जबड्यात येतं, पोटात येतं. मळमळ होते, गार घाम येतो, दम लागतो. काही जणी तर चार-आठ दिवस नुसतं थकल्यासारखं वाटतंय म्हणत असतात. आम्हालाही ईसीजीची पट्टी काढल्याशिवाय कळत नाही."

"पायाने काही झालं का?"

"पायाने काही होत नाही, मॅडम. वेळ गेला."

"वेळेत आणलं असतं तर वाचली असती?"

"पुष्कळ जण वाचतात. त्या वाचल्या असत्या का, ते मी सांगू शकत नाही." बाहेर दुसरे पेशंट थांबले होते. तो उठला आणि त्याने माझ्यासाठी दार उघडून धरलं.

दाजींना सांगायला मला आणखी दोन दिवस लागले. ते तुझ्या मशीनवर कापड झाकत होते, पुन्हा काढत होते, पुन्हा झाकत होते. पल्लवी भाजी निवडत होती. मी म्हणाले, "दाजी, पाच मिनिटं नव्हती." आणि सांगत गेले. पायाशी आले तेव्हा पल्लवीचे हात थांबले.

दाजींनी हातातलं कापड मशीनवर टाकलं. मग म्हणाले, "तू शिकवती ना हे पोरांला?"

"व्हय, दाजी."

एवढंच. ते आत गेले. मला वाटलं, झालं, हे घरही तुटलं. उठून जावं की बसावं ते कळेना. थोड्या वेळाने ते बाहेर आले आणि दारातच उभे राहिले. "सकाळी चहा पिताना म्हणाली, दाढ ठणकायली, खालून सगळा जबडा ओढतोय. मी लवंग दिली. म्हणलं, दातवाल्याकडं जाऊ रविवारी." ते चौकटीला टेकले. "अकरा दिवस झाले, ती लवंगाची बरणी मी आत कपाटात लपवून ठेवलीय, सुमन. कोणी बघन म्हणून."

मग पल्लवी रडायला लागली. जाण्याच्या दोन दिवस आधी तू तिला फोनवर म्हणाली होतीस की पाण्याची कळशी वर नेताना मध्येच बसावं लागतं, अंगात त्राणच नाही. ती म्हणाली होती, आई, वजन कमी कर, फिरायला जात जा.

कळलं का तुला तू काय केलंस ते? नवऱ्याला जबडा सांगितलास, मुलीला थकवा, मला पाठ. कुणावर फार भार नको म्हणून वाटून दिलंस, लग्नकार्यात डबे बांधून देतेस तसं. तिघांपैकी कुणाकडेही अख्खं दुखणं नव्हतं. आणि आम्ही तिघंही शहाणे, जो तो आपापला तुकडा घेऊन तुला सल्ला देऊन मोकळा झाला. तुझ्यानंतर एका खोलीत बसून आम्ही ते जुळवलं, तेव्हा ते इतकं सरळ दिसत होतं की आठवीतल्या मुलानेही ओळखलं असतं. मला तुझा राग येतो आणि लगेच लाज वाटते. तू सांगत होतीस. प्रत्येकाला सांगत होतीस.

आज सकाळी विहारात तुझं पुण्यानुमोदन झालं. वंदना झाली, चार लोक तुझ्याबद्दल चांगलं बोलले, त्यांतल्या तिघांनी पाच मिनिटांचा उल्लेख केला. माझी पाळी आली. दाजींनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी माइक हातात घेतला आणि म्हणाले, माझी बहीण पाच मिनिटांत गेली नाही. सकाळी जबडा, मग पाठ, मळमळ, गार घाम, दम. सगळं क्रमाने सांगितलं, आणि त्या वेळात मी काय करत होते तेही सांगितलं. मागून कुणीतरी म्हणालं, "हे आता कशाला काढायचं?" एक म्हातारी मात्र माझ्या पायांकडे बघत बसली होती. तरी मी खाली बसले नाही.

जेवणाच्या पंगतीत तुझ्यासोबत काज-बटणं करणाऱ्या शांताबाई माझ्याजवळ सरकल्या. पदराआडून हळूच म्हणाल्या, "मॅडम, माझी बी पाठ तीन दिवसांपासून हाय. तुम्ही बोलल्या तवापासून भ्याव वाटायलंय. काय नसन म्हणा." मी त्यांचं ताट उचलून बाजूला ठेवलं. त्या म्हणत राहिल्या, अहो जेवू तर द्या, वरण गरम हाय. मी पांढऱ्या साडीतच रिक्षा थांबवली.

त्यांनी शांताबाईंच्या छातीला वायरी लावल्या, पट्टी काढली. चांगली आली. तरी रक्त तपासलं, दोन-तीन तास बसवून ठेवलं, पुन्हा पट्टी काढली. मी बाकावर बसत होते, उठत होते, पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन परत येत होते. त्या उपाशी असल्याने माझ्यावर चिडल्या होत्या. शेवटी डॉक्टर बाहेर आला. ओझं उचलल्याने पाठ धरली आहे, म्हणाला, शेका आणि आराम करा.

संध्याकाळी मी त्यांना घरी सोडायला गेले. त्यांच्या सुनेने दारातच विचारलं, "काय निघालं, मॅडम?" मी म्हणाले, "काही नाही. नुसती पाठ होती." एवढं म्हणाले आणि मला रडू फुटलं. बारा दिवसांत आलं नव्हतं ते सगळं, त्या परक्या दारात, चारचौघांसमोर. सून घाबरली. तिने सासूकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि माझा दंड धरला. "मॅडम, लपवू नका. खरं सांगा."

"खरंच सांगते," मी म्हणाले. "त्यांना काही झालेलं नाही."